पुढच्या सीटवरचं वजन

वैदेहीला गाडी मिळाली ती अविराजच्या जागेवर. हे कारखान्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लपवलं होतं ते निराळंच, आणि ते तिला एकटीलाच माहीत होतं.

बारामतीच्या एमआयडीसीत तिचा कारखाना. मोटारींच्या सीटच्या आत बसवायच्या वस्तू तिथं तयार होतात आणि एका मोठ्या मोटार कंपनीला जातात. वैदेही तपासणीच्या लॅबमध्ये होती. तिच्या टेबलावरून रोज शेकडो मॅट जायच्या. मॅट म्हणजे पुठ्ठ्याएवढी पातळ पट्टी, सीटच्या फोमखाली अंथरलेली. सीटवर माणूस बसला की तिला वजन कळतं, ती गाडीला कळवते, आणि बेल्ट लावलेला नसेल तर गाडी टुंग टुंग करून भंडावून सोडते. रिकाम्या सीटला वाजता कामा नये आणि माणूस बसला तर वाजलंच पाहिजे, एवढं बघणं हे वैदेहीचं काम. नऊ वर्षं ती हेच बघत आली होती.

ती मोटार कंपनी दर दिवाळीला माल पुरवणाऱ्या कारखान्यांतल्या लोकांसाठी सवलतीची पत्रं पाठवायची. वैदेहीच्या कारखान्याला वीस यायची. ज्याच्या नावाचं पत्र, त्याला नवी गाडी बऱ्याच कमी किमतीत, आणि बाहेरचा माणूस चार-चार महिने थांबतो तिथं याची गाडी दोन-तीन आठवड्यांत दारात. माणसं साडेतीनशे आणि पत्रं वीस, म्हणून नोकरी किती जुनी ते बघून यादी लागायची. यंदा विसावं नाव आलं अविराजचं आणि एकविसावं वैदेहीचं. दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागले होते; तो सोमवारी, ती गुरुवारी.

अविराज इंदापूर तालुक्यातल्या कळसचा. लाइनवर मॅटला वायर जोडायचं काम करायचा. छत्तीस वर्षांचा, अंगानं आडवा, बोलायला कमी. लग्न झालं नव्हतं. घरी आई आणि तो, दोघंच. पत्र हातात पडल्यावर तो ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून लॅबमध्ये आला होता. कोणतं मॉडेल घ्यावं हे विचारायचं होतं त्याला. किंमत, ॲव्हरेज, टचस्क्रीन यातलं काही त्यानं विचारलं नाही. पुढची सीट जमिनीपासून किती उंच आहे, म्हातारं माणूस पाय न चढवता बसू शकेल का, एवढंच. वैदेहीनं टेपनं नमुन्याची सीट मोजून दाखवली होती.

“आईला पुढं बसवायचं हाय, मॅडम,” तो म्हणाला होता. “मागं बसल्यावर तिला काय दिसत न्हाय.”

त्यानं निळ्या रंगाची गाडी बुक केली. आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तो गेला. हृदय बंद पडलं, एवढंच कारखान्यात कळलं. दहाव्याला कंपनीची बस कळसला गेली. वैदेही गेली नाही. त्या दिवशी लॅबचं ऑडिट होतं.

डिसेंबरमध्ये कर्मचारी विभागाच्या विजयसिंह सरांनी तिला बोलावलं. एकतीस तारखेच्या आत पत्र वापरलं नाही तर ते परत जाणार होतं, आणि यादीत पुढचं नाव तिचं होतं. त्यांनी योजनेची चार पानं तिच्यापुढं सरकवली, वाचून सही करा म्हणाले आणि फोनवर बोलू लागले. वैदेही कागद नीट वाचणारी बाई. तिसऱ्या पानावर तिला ओळ दिसली. पत्र मिळालेला कर्मचारी मरण पावला तर ते पत्र आधी त्याच्या आईवडिलांना, पत्नीला किंवा मुलांना देऊ करायचं, त्यांना नव्वद दिवसांची मुदत द्यायची, आणि त्यांनी लेखी नकार दिला तरच यादीतल्या पुढच्याला. तिनं ती ओळ दोनदा वाचली. विजयसिंह सरांनी ती वाचलेली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं.

फोन ठेवून त्यांनी विचारलं, “वाचलंत सगळं? काही अडचण?”

“नाही,” वैदेही म्हणाली, आणि तिनं सही केली.

परत लॅबमध्ये येईपर्यंत तिनं स्वतःची समजूत घातली होती. कळसच्या त्या म्हाताऱ्या बाईला गाडी घेऊन काय करायचंय? चालवणार कोण? आणि इकडं तिचा नवरा मिहिर इंदापूरच्या कॉलेजात शिकवायला रोज एसटीनं जातो, त्याचे हाल ती बघत होती. शोरूममध्ये त्यांनी सांगितलं की एक निळी गाडी तयारच आहे, दुसरा रंग हवा असेल तर मार्च उजाडेल. कुणासाठी तयार होती हे वैदेहीनं विचारलं नाही. तिला पांढरी हवी होती. ती निळी घेऊन आली. हार घातला, नारळ फोडला, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात धरून दोघांचा फोटो निघाला.

पहिले आठ दिवस काही झालं नाही, कारण मिहिरला हिवाळ्याची सुट्टी होती आणि सकाळ-संध्याकाळ तोच गाडी फिरवत होता. जानेवारीत ठरलं तसं सुरू झालं. वैदेहीची पहिली पाळी. सोमवार, बुधवार आणि शनिवार गाडी ती नेणार, बाकीचे दिवस मिहिर. पाळी दोनला सुटायची. पहिल्याच सोमवारी ती कंपनीच्या फाटकातून बाहेर पडली, भिगवण रस्त्याला लागली आणि गाडी वाजू लागली. टुंग, टुंग, टुंग. समोरच्या काचेखाली लाल दिवा. पुढच्या डाव्या सीटवर माणूस बसलाय आणि त्यानं बेल्ट लावलेला नाही.

सीटवर काहीच नव्हतं. पर्स मागं होती, डबाही मागं. उसाच्या ट्रॉल्यांमागून हळूहळू जाताना तिनं दोन-तीनदा हात लांब करून सीटवर थापटी मारली. वाजणं थांबेना. शेवटी कडेला थांबून तिनं रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि खटकन लावून टाकला. आवाज बंद झाला. कुणीही हेच केलं असतं.

घराखाली गाडी लावल्यावर तो बेल्ट काढायला ती वळली, आणि तिचा हात तसाच राहिला. रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा सीटच्या पाठीला चिकटून पडतो. हा पडला नव्हता. पाठीपासून वीतभर पुढं, ताणलेला, मधे फुगीर उभा होता, माणसाच्या अंगावर असतो तसा. ती बघत राहिली. मग तिनं बटण दाबलं. पट्टा सरसर मागं गेला, आणि गाडी पुन्हा वाजू लागली.

वैदेही घाबरट नव्हती. तिनं बिघाड शोधायला घेतला. शोरूमवाल्यांनी गाडी सकाळी अकराला तपासली, सगळं ठीक निघालं. त्यांनी तिच्या समाधानासाठी मॅट बदलूनही दिली. बुधवारी दोन वाजून दहा मिनिटांनी नवी मॅटही वाजली. तेव्हा तिनं लॅबच्या रजिस्टरला नोंद करून हातात मावणारा मीटर घरी आणला, सीटखालची वायर सोडवून तो मधेच जोडला, म्हणजे गाडीचं वाजणंही चालू राहील, आणि मीटर समोर ठेवला. मॅटवर किती वजन आहे ते या मीटरवर किलोत दिसतं.

सकाळी शून्य. दुपारी दोनपर्यंत शून्य. दोन वाजून सात मिनिटांनी आकडा हलला. एकदम आला नाही. आठ, एकोणीस, तीस असा चढत गेला, जसं कुणी हाताचा आधार घेत, बेतानं टेकतंय. मग बेचाळीसवर स्थिर झाला. तीनच्या सुमाराला एकदम शून्य.

तिला अविराज आठवला. खरं म्हणजे पहिल्या दिवसापासून तो तिच्या डोक्यातून गेलाच नव्हता. लॅबमध्ये मॅटची चाचणी घ्यायला लाइनवरची माणसं आळीपाळीनं सीटवर बसवतात आणि प्रत्येकाचं वजन वहीत लिहून ठेवतात. दुसऱ्या दिवशी तिनं ती वही काढली. अविराज, एकाहत्तर किलो. दर वेळी एकाहत्तर, फार तर बहात्तर. बेचाळीस नाही.

हे बघून तिला बरं वाटायला हवं होतं. पण वही मिटून तिनं ती पुन्हा उघडली आणि आकडा परत एकदा बघितला. तो असता तर का आला हे तिला समजलं असतं. हे दुसरंच कुणीतरी होतं.

मिहिरला तिनं सांगितलं, पण त्याला काही पटलं नाही. तो गाडी न्यायचा तेव्हा ती दिवसभर कॉलेजच्या आवारात उभी असायची, म्हणून त्याला कधी काही ऐकू आलं नव्हतं. मग एका रविवारी जेवून दोघं पणदऱ्याला, तिच्या माहेरी निघाले. गाडी वैदेही चालवत होती, मिहिर शेजारी बेल्ट लावून बसला होता, मीटर अजून समोर तसाच होता. मिहिरचं वजन पासष्ट, आकडाही पासष्ट. तो त्यावरून तिची थोडी चेष्टाही करत होता. माळेगाव मागं पडलं आणि आकडा चढू लागला. सत्तर. ऐंशी. मिहिर बोलता बोलता थांबला. शंभरावर गेला, आणि एकशे सातला थांबला.

थोड्या वेळानं मिहिरनं गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. त्यानं बेल्ट काढला, दार उघडून उतरला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. समोर आकडा बेचाळीस दाखवत होता. पणदऱ्यापर्यंत तो मागंच बसून राहिला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

घरी परतल्यावर त्यानं गाडी विकायचं काढलं. सवलतीची गाडी वर्षभर विकता येत नाही, वैदेही म्हणाली. त्याला खरं वाटेना, म्हणून त्यानं कपाटातले कागद काढले आणि दिव्याखाली बसून पहिल्या पानापासून वाचू लागला. तिसऱ्या पानावर तो बराच वेळ अडला. वैदेही ओट्यापाशी भाजी चिरत होती आणि तो कुठं अडलाय हे तिला वळून न बघताही कळत होतं.

“हे तू वाचलं होतंस?” त्यानं विचारलं.

“हो.”

त्यानं कागद घडी घालून परत ठेवले. त्यानंतर आठ-दहा दिवस तो एसटीनंच इंदापूरला गेला. तिच्यावर रागावला नाही, टाकून बोलला नाही. फक्त गाडीची किल्ली हातात घेईना.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पाळी सुटल्यावर वैदेहीनं घराकडं वळायच्या ऐवजी इंदापूरचा रस्ता धरला. तिथं जाऊन काय करायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. बसून राहवत नव्हतं, एवढंच. दोनच्या पुढं गाडी वाजू लागली. त्या दिवशी तिनं रिकाम्या सीटचा बेल्ट लावला नाही. टुंग टुंग ऐकत, मीटरवरचा बेचाळीसचा आकडा बघत ती एवढा सगळा रस्ता गेली. ऊन चांगलं होतं, रस्त्यावर माणसं होती, शेतात तोडणी चालू होती. आणि तरी तिला मान डावीकडं वळवायचा धीर होत नव्हता. वाटेत तीन ठिकाणी थांबून तिनं पत्ता विचारला. कळसच्या अलीकडं फाट्यापासून कालव्याच्या कडेनं कच्ची वाट होती, पुढं लहानसा पूल, आणि पुलापासून हाकेच्या अंतरावर एकटंच घर.

दारापुढं गाडी उभी करून, इंजिन चालूच ठेवून ती उतरली. गाडीचं दार उघडंच राहिलं. आत वाजणं चालू होतं. सारवलेल्या ओट्यावर एक बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. ती थोडं पुढच्या वस्तीवर राहणारी अविराजची चुलत भावजय, स्वरूपा. तिच्या पलीकडं भिंतीला टेकून एक बारीकशी म्हातारी झोपली होती. पदर डोक्यावर, हात मांडीवर, मान एका बाजूला कललेली. अविराजची आई, ठमाबाई.

वैदेहीनं आपण अविराजच्या कंपनीतल्या, असं सांगितलं. स्वरूपानं बसा म्हटलं, आत्तींना उठवते म्हटलं आणि म्हातारीच्या खांद्याला हात लावून हलवलं. ठमाबाईंनी डोळे उघडले.

त्याच क्षणी मागं गाडीतलं वाजणं बंद झालं.

वैदेही वळली नाही. तिला मीटर बघायची गरज नव्हती. म्हातारीनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि पदर सावरत म्हणाली, “आलीस व्हय. आज वाटंत लई थांबलीस गं.”

स्वरूपा कानकोंडी झाली. आत्ती दुपारच्या झोपेतून उठल्या की असंच काहीबाही बोलतात, मनावर घेऊ नका, असं ती म्हणू लागली. पण वैदेही ओट्याच्या कडेला बसली होती. आपण येताना वाटेत थांबलो हे तुम्हाला कसं माहीत, असं तिनं विचारलं.

ठमाबाईंनी सांगितलं ते अगदी सरळ, शेजारणीला बाजारची हकिगत सांगावी तसं. दुपारी भाकरी खाल्ली की डोळा लागतो. लागला की त्या मोटारीत बसलेल्या असतात, पुढं. समोर मोटारीचं निळं नाक दिसतं. शेजारी एक पोरगी गाडी चालवते. उजव्या हाताला घड्याळ बांधते, रस्ता मोकळा असला की गुणगुणते. कधी कारखान्याकडून येतो, कधी पणदऱ्याच्या रस्त्यानं जातो.

“अवी म्हणला हुता, तुला पुढं बसवणार. मग बसते मी,” त्या म्हणाल्या. “आधी वाटलं, त्याची बायकू असंल ही. लगीन झालं असतं तर असती, तशी. पण त्यो कुठं दिसत न्हाय. मागं वळून बघितलं, मागंबी न्हाय. एकदा एक बाप्या माझ्याच अंगावर येऊन बसला. मग उठून मागं गेला बिचारा.”

वैदेहीच्या उजव्या हातावर घड्याळ होतं. तिनं ते दुसऱ्या हातानं झाकलं.

“आन त्यो पट्टा नगं बांधत जाऊ. लई आवळतो.”

मग वैदेहीनं सांगून टाकलं. पत्र कुणाचं होतं, गाडी कुणासाठी आली होती, तिसऱ्या पानावर काय लिहिलेलं होतं, आणि आपण ते वाचून कसे गप्प बसलो. सांगताना तिचा आवाज चढला नाही की ती रडली नाही. एकेक गोष्ट तिनं ओट्यावर ठेवली. स्वरूपाचे शेंगा फोडणारे हात थांबले होते. ठमाबाई ऐकत होत्या, पण बघत होत्या त्या पुलाकडं.

“मला इचारलं असतं तर मी न्हायच म्हणले असते,” त्या शेवटी म्हणाल्या. “मोटार घिऊन मी काय करू. पण इचारायला कुणी आलं असतं, तर त्याचं नाव निघालं असतं हितं. चार माणसं बसली असती. तेवढं ऱ्हायलं बघ.”

नंतर त्यांनी तिला अविराज कसा गेला ते सांगितलं. कंपनीच्या बसनं फाट्यावर उतरला, नेहमीसारखा चालत निघाला. पुलापर्यंत आला आणि कठड्यावर टेकला. त्या इथंच बसल्या होत्या. दमला असेल, उठेल म्हणून बघत राहिल्या. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. पण दमलेल्या माणसाला कशाला हाक मारायची, म्हणून मारली नाही. अंधार पडायला लागल्यावर स्वरूपाच्या नवऱ्याला पाठवलं.

“घर दिसत हुतं त्याला,” त्या म्हणाल्या.

वैदेहीनं विचारलं, फिरवून आणू का? ठमाबाई लगेच उठल्या. कुठं जायचं म्हटल्यावर, “रोज न्हेतीस तितंच,” म्हणाल्या. सीटवर बसताना त्यांना पाय चढवावा लागला नाही. समोर मीटरवर आकडा आठ, एकोणीस, तीस करत बेचाळीसला थांबला. स्वरूपा मागं बसली. बारामती जवळ आल्यावर ठमाबाई पुढं काय येणार ते आधीच सांगत होत्या; आता वळण, आता पेट्रोल पंप, आता पिवळी भिंत. हा बायपास रस्ता झाल्यापासून त्या कधी इकडं आल्याच नाहीत, असं स्वरूपा मागून हळूच म्हणाली. कारखान्याच्या फाटकासमोर वैदेहीनं गाडी थांबवली. म्हातारीनं काच खाली घ्यायला लावली, आतल्या लांबलचक शेडकडं बघितलं आणि चल म्हणाली.

परत दारात उतरल्यावर त्यांनी सीटवरून एकदा हात फिरवला. “झालं. आता नुसती झोप लागंल मला.”

खरोखरच त्या दिवसापासून गाडी वाजायची थांबली. वैदेहीनं आणखी आठवडाभर मीटर ठेवला. दोन वाजले, अडीच वाजले, तीन वाजले, आकडा शून्य. मग वायर जोडून टाकली, मीटर लॅबला परत केला. विजयसिंह सरांना तिनं तिसरं पान दाखवून सगळं सांगितलं. ते हादरले. त्यांनी मोटार कंपनीला तसं कळवलं, वैदेहीला लेखी समज मिळाली आणि पुढच्या वेळेपासून यादीतलं तिचं नाव कायमचं निघालं. वर्षाची अट संपली की गाडी ठमाबाईंच्या नावावर करून द्यायची, असं तिनं आणि मिहिरनं ठरवलं. स्वरूपानं चालवायला शिकायचं. तोवर दर रविवारी वैदेही कळसला जायची आणि ठमाबाईंना हवं तिथं न्यायची. डोळ्यांच्या डॉक्टरकडं, बहिणीकडं, एकदा नुसतंच इंदापूरच्या बाजारात. मिहिर पुन्हा किल्ली हातात घेऊ लागला. सगळं मार्गी लागल्यासारखं वाटत होतं.

मार्चच्या मध्यावर एका दुपारी पाळीवरून येऊन वैदेही जेवली आणि कोचावर टेकली. तिला दुपारी झोपायची सवय नव्हती. पण डोळा लागला. आणि ती ओट्यावर बसलेली होती. पाठीला भिंतीचा खडबडीतपणा लागत होता. गुडघे दुखत होते. ते तिचे गुडघे नव्हते. समोर ऊन, कालवा, पूल. पुलाच्या कठड्यावर कुणीतरी बसलं होतं. लांबून चेहरा दिसत नव्हता. ती बघत राहिली, आणि तो माणूस उठला.

तिला जाग आली तेव्हा तीन वाजले होते आणि तोंड कोरडं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पूल उतरून चार पावलं पुढं आला. तिसऱ्या दिवशी आणखी थोडा. झोपायचंच नाही असं तिनं ठरवून बघितलं. दोनच्या पुढं उभ्या उभ्या डोळे मिटायचे. लॅबमध्ये जादा काम मागून घेतलं तर तिथंही खुर्चीत बसल्या बसल्या तो ओटा, ती भिंत. माणूस चालत होता घाई न करता, दमलेल्या पायांनी. आडवं अंग, हातात डबा. चेहरा अजून उन्हात होता, पण आता ओळखायला चेहऱ्याची गरज नव्हती.

रविवारी ती कळसला गेली. काही सांगायचं नाही असं ठरवून गेली होती. ठमाबाईंनी तिचं तोंड बघितलं आणि हातातली ताटली खाली ठेवली.

“दिसाय लागला व्हय तुला?”

वैदेहीनं गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली.

“मला कायच दिसत न्हाय आता. नुसती झोप लागती, अंधारी.” त्या तिच्या जवळ सरकल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “कुठवर आला?”

“पूल उतरलाय,” वैदेही म्हणाली. “बाभळीपाशी आलाय.”

ठमाबाईंनी मान हलवली. पुढं काही विचारलं नाही. पण त्यानंतर प्रत्येक रविवारी, गाडीत बसायच्याही आधी, तो एकच प्रश्न. कुठवर आला? बाभळीच्या पुढं. गवताच्या गंजीपाशी. विहिरीपाशी. वैदेही सांगायची आणि म्हातारीच्या चेहऱ्यावर कसलासा उजेड यायचा. तो बघवेना म्हणून वैदेही गाडीचं दार उघडायला वळायची. कारण ओट्यावर आता ती होती. तो घरी पोचला की त्याला आई दिसणार नव्हती, ही दिसणार होती. आईला तिनं सगळं सांगितलं होतं. त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी तिनं सांगितलं की तो अंगणाच्या कडेला आलाय, गोठ्याच्या अलीकडं. आता एकच दिवस. ठमाबाई त्या दिवशी फिरायला आल्याच नाहीत. अंगण झाडायचंय म्हणाल्या.

सोमवारी वैदेहीनं रजा टाकली. मिहिर कॉलेजला गेला होता. एकला तिनं कडक चहा घेतला, दीडला पुन्हा घेतला. दोन वाजता थंड पाण्यानं तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरात उभी राहिली, ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून. पापण्या जड होत चालल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. स्वरूपा होती.

“ताई, मला काय समजत न्हाय, पण आत्तींनी सांगाय लावलंय,” ती म्हणाली. “आज जागू नका म्हणत्यात. भाकरी झालीय, पाय धुवायला पाणी काढून ठिवलंय. तुमी निस्तं बसा, बोलायचं त्यांचं त्या बगतील, आसं म्हणत्यात.”

वैदेहीनं फोन ठेवला. बाहेर ऊन रणरणत होतं, खाली कुणाच्यातरी मिक्सरची घरघर चालली होती. ती बाहेरच्या खोलीत आली, जमिनीवर बसली, पाठ भिंतीला टेकवली आणि हात मांडीवर ठेवले. मग तिनं डोळे मिटले.